छोट्या ट्रॅक्टरचे मागचे वर्क लाइट: दिवे घेण्याआधी वायर तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पंचवीसेक अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आहे, मागे दोन हॅलोजन वर्क लाइट आहेत. एक पूर्ण बंद, दुसरा पिवळट आणि मंद. नवा बल्ब टाकूनही उजेड वाढला नाही. आता दोन्ही काढून चार एलईडी बसवायचे आहेत, त्यातला एक लांब बार छताच्या पुढच्या कडेला. डायनॅमो लहान आहे, तो हे पेलेल का, आणि किती वॅटचे दिवे घ्यावेत?

मी वीसेक वर्षे ट्रॅक्टर आणि शेतीच्या यंत्रांची वायरिंग करतो आहे. माझा पहिला सल्ला असा, की दिवे घ्यायला जाण्याआधी मल्टीमीटर घेऊन अर्धा तास ट्रॅक्टरजवळ बसा. तुम्ही स्वतःच लिहिलं आहे की नवा बल्ब टाकूनही फरक पडला नाही. याचा अर्थ दोष बल्बात नाही. बल्बपर्यंत पुरेसा व्होल्टेज पोचत नाही. हा दोष तसाच ठेवून त्यावर एलईडी चढवलेत तर काही दिवस छान उजेड दिसेल, कारण एलईडी कमी करंट ओढतो. पण गंजलेला जोड आतल्या आत गंजतच राहील आणि ऐन कामाच्या रात्री दिवे लुकलुकायला लागतील. मग दोष नव्या दिव्यांच्या माथी मारला जाईल.

तपासणी अशी करा. इंजिन चालू करून मध्यम आरपीएमवर ठेवा, मागचे दिवे लावा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून आधी थेट बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मोजा. चार्जिंग ठीक असेल तर 13.8 ते 14.4 च्या दरम्यान आकडा यायला हवा. मग तसंच मंद दिव्याच्या होल्डरवर, बल्ब जळत असताना मोजा. बल्ब काढून मोजू नका. करंट वाहत नसेल तर कुजलेली वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि माणूस फसतो. टेस्ट लॅम्प लावून ‘करंट येतोय’ म्हणणारे इथेच चुकतात. करंट येतो हे खरं असतं, किती येतो ते कळत नाही.

समजा बॅटरीवर 13.8 आहे आणि दिव्यावर 11.6. दोन-सव्वादोन व्होल्टचा फरक किरकोळ वाटतो. पण तापणाऱ्या तारेच्या बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात घटत नाही, तो साधारण साडेतीनाव्या घाताच्या जवळपासच्या प्रमाणात घटतो. व्होल्टेज दहा टक्के उतरला की उजेड तीस टक्के जातो. आपल्या या उदाहरणात व्होल्टेज सोळा टक्के कमी आहे, म्हणजे जवळजवळ निम्मा उजेड वायरीत आणि जोडांत संपला. तार पुरेशी तापत नाही म्हणून तो पिवळटही दिसतो. तुमच्या मंद दिव्याचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं.

आता हा व्होल्टेज कुठे हरवतो ते शोधायचं. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी दिव्याच्या निगेटिव्हवर किंवा बॉडीवर धरा, दिवा जळत असतानाच. इथे 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थिंग खराब. मग एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी होल्डरच्या पॉझिटिव्हवर. जो आकडा येईल तो पॉझिटिव्ह बाजूचा तोटा. तो मोठा असेल तर एकेका जोडावर पिन सरकवत स्विचपर्यंत या. जिथे आकडा अचानक घसरेल तिथला जोड दोषी.

छोट्या ट्रॅक्टरवर मला सर्वात जास्त वेळा अर्थिंगच खराब सापडतं. मागच्या दिव्याला बहुधा एकच वायर येते. परतीचा रस्ता दिव्याच्या पट्टीच्या बोल्टमधून मडगार्डला, मडगार्डमधून प्लॅटफॉर्मला आणि तिथून चासीला. मडगार्डला रंग, बोल्टला गंज, प्लॅटफॉर्मखाली रबरी बुश. एवढ्या अडथळ्यांतून पाच अँपियर परत जायचे आहेत. यावर बोल्ट घासून पुन्हा आवळणं हा वर्षभराचा इलाज. कायमचा इलाज एकच: प्रत्येक दिव्याच्या निगेटिव्हला वेगळी काळी वायर द्यायची आणि ती थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत किंवा बॅटरीची जाड अर्थ केबल जिथे इंजिनला बोल्टने आवळली आहे तिथपर्यंत न्यायची. मी पत्र्याच्या अर्थवर भरवसा ठेवणं फार पूर्वी सोडलं, आणि तेव्हापासून दिव्याच्या तक्रारी घेऊन परत येणारे ट्रॅक्टर अगदी थोडे झाले.

बंद दिव्याकडेही बघून घ्या. बल्बची तार तुटली असेल तर ती कशाने तुटली ते बघा. काचेवर पांढुरका फुगीर डाग असेल तर बल्ब बसवताना कुणीतरी काचेला बोटं लावली होती. हॅलोजनची काच क्वार्ट्झची असते, बोटांचा तेलकटपणा तिथे भाजतो, तेवढा भाग जास्त तापतो आणि बल्ब लवकर जातो. काच आतून काळवंडली असेल तर बल्ब आयुष्य जगून गेला. तार मधूनच तुटलेली आणि काच स्वच्छ असेल तर हादरे. होल्डर वितळला असेल तर सैल टर्मिनल. जागा तीच राहणार आहे, म्हणून हे आधी माहीत हवं.

आता डायनॅमो. छोट्या ट्रॅक्टरवर कायम चुंबकाचा लहान डायनॅमो असतो किंवा लहानसा अल्टरनेटर. त्यांची क्षमता साधारण 15 ते 40 अँपियरच्या दरम्यान, आणि तो आकडाही इंजिन पूर्ण वेगात असतानाचा. नुसत्या आयडलवर त्यातलं बरंच कमी मिळतं. तुमच्या ट्रॅक्टरचा आकडा माहितीपुस्तिकेत किंवा डायनॅमोच्या पाटीवर मिळेल. आपण 20 धरून चालू. 55 वॅटचा एक हॅलोजन साडेचार ते पाच अँपियर खातो. पुढचे दोन हेडलाइट आणि मागचे दोन वर्क लाइट मिळून अठरा ते वीस. इंधनाचा सोलेनॉइड आणि मीटर यांचे एक-दोन अँपियर वेगळे. सकाळी स्टार्ट करताना बॅटरीतून गेलेलं परत भरायचं, तेही राहिलंच. म्हणजे हा ट्रॅक्टर सगळे हॅलोजन लावून रात्रभर चालला तर बॅटरी हळूहळू रिकामी होत असते. मागे-पुढे करताना, वळणावर आरपीएम उतरतो तेव्हा तर नक्कीच. दिवे मंद होण्यामागे हेही एक कारण असू शकतं.

एलईडी इथे खऱ्या अर्थाने कामाला येतो. वीस वॅट खरोखर खाणारा चांगला एलईडी पावणेदोन अँपियरच्या आत ओढतो आणि 55 वॅटच्या हॅलोजनएवढा किंवा त्याहून थोडा जास्त उजेड देतो. एच3 प्रकारच्या 55 वॅटच्या बल्बचा प्रमाण उजेड सुमारे 1450 लुमेन (लुमेन हे उजेड मोजायचं एकक). तोही नवा बल्ब, पूर्ण व्होल्टेज आणि स्वच्छ रिफ्लेक्टर असताना. दोन एलईडी म्हणजे साडेतीन अँपियर. डायनॅमोवरचा सहा अँपियरचा भार उतरला, आणि बॅटरी भरायला जागा झाली. तेव्हा ‘डायनॅमो पेलेल का’ याचं उत्तर असं, की दोन-तीन चांगले एलईडी तो आत्ताच्या हॅलोजनपेक्षा सहज पेलेल. चार दिवे आणि त्यात लांब बार म्हटलं तर मी थांबेन, पण त्याचं कारण डायनॅमो नाही. त्यावर पुढे येतो.

जुन्या दिव्याचीच डबी ठेवून त्यात एलईडी बल्ब खुपसायचा विचार असेल तर तो सोडा. जुना रिफ्लेक्टर बारीक, पेटत्या तारेसाठी घडवलेला असतो; ती तार नेमक्या एका बिंदूवर बसते आणि चहूबाजूंनी उजेड टाकते. एलईडीचे चिप दोन चपट्या बाजूंवर असतात आणि त्या बिंदूपासून जरा बाजूला. परिणामी उजेड भलतीकडे फाकतो, मध्ये काळे पट्टे पडतात. शिवाय एलईडीची उष्णता पुढे जात नाही, मागे बुडाशी साठते, आणि बंद डबीत तिला निघायला वाट नसते. वर्क लाइटसाठी अख्खा दिवा बदला. हेडलाइटच्या बाबतीत तर हे अधिकच खरं, कारण रस्त्यावर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचा प्रश्न असतो आणि अनेक देशांत अशा बदलाला कायद्याची परवानगीही नाही.

दिवा निवडताना खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका. दहा चिप आहेत, प्रत्येक चिप तीन वॅट सोसू शकतो, म्हणून खोक्यावर ‘30 वॅट’ छापतात. प्रत्यक्षात ड्रायव्हर, म्हणजे चिपना करंट पुरवणारं दिव्यातलं सर्किट, त्या चिपना तेवढं देतच नाही आणि दिवा बारा-चौदा वॅट खातो. हे घरी तपासता येतं: मल्टीमीटर अँपियरवर, 10 अँपियरच्या सॉकेटमध्ये पिन, दिव्याला मालिकेत जोडा, आलेला आकडा बॅटरीच्या व्होल्टेजने गुणा. तेच खरे वॅट. लुमेनचंही तसंच. काही उत्पादक चिपच्या कागदी उजेडांची बेरीज छापतात, काही दिव्यातून प्रत्यक्ष बाहेर पडणारा मोजलेला उजेड देतात. दोन्ही आकडे वेगवेगळे छापणारा उत्पादक मला अधिक विश्वासू वाटतो. ढोबळ कसोटी अशी: वर्क लाइटमध्ये एका खऱ्या वॅटमागे ऐंशी ते शंभरेक लुमेन बाहेर पडले तर दिवा चांगला. चौदा वॅट खाणारा दिवा पाच हजार लुमेन देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

किरण कसा आहे हे मात्र वॅटहून महत्त्वाचं. मागे औजारावर उजेड हवा असेल तर अंतर दोन-तीन मीटर. तिथे रुंद पसरणारा फ्लड दिवा हवा, साठ अंश किंवा त्याहून जास्त कोनाचा. दूरवर मारणारा स्पॉट दिवा औजारावर लावला तर ताटाएवढा पांढरा ठिपका पडतो, त्याभोवती मिट्ट काळोख. डोळा त्या ठिपक्याला सरावतो आणि कडेला काय चाललंय ते दिसेनासं होतं. रात्री काम करणाऱ्याला झगझगीत उजेडापेक्षा सपाट, एकसारखा उजेड जास्त उपयोगी. स्पॉटची जागा पुढे, बांधाच्या टोकाचा अंदाज यावा म्हणून, आणि तीही फक्त हवी असेल तर.

रंग 5000 केल्विनच्या आसपासचा घ्या, त्याहून उबदार मिळाला तर आणखी बरा. पांढरा एलईडी मुळात निळा चिपच असतो. त्यावर पिवळा फॉस्फर लावून पांढरा उजेड मिळवतात. निळा एलईडी बनवायला शास्त्रज्ञांना इतकी वर्षं झगडावं लागलं की त्या कामाला 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. स्वस्त दिव्यांत निळ्याचं प्रमाण जास्त असतं, खोक्यावर 6500 किंवा त्याहून वरचा आकडा दिसतो. हा उजेड पहिल्या नजरेला कडक वाटतो, पण धुळीत डोळे लवकर शिणतात आणि ओल्या-कोरड्या मातीतला फरक नीट कळत नाही.

धूळ-पाण्याच्या बाबतीत आयपी67 ही किमान पातळी धरा. 6 म्हणजे धूळ आत जाणार नाही, 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल. पण बुडणं वेगळं आणि प्रेशर वॉशरचा फवारा वेगळा. आयपी67चा दिवा जवळून मारलेल्या फवाऱ्याने आतून ओला होऊ शकतो. त्या माऱ्यासाठी आयपी69के ही वेगळी चाचणी असते, त्यात ऐंशी अंश सेल्सिअसच्या गरम पाण्याचा ऐंशी ते शंभर बारचा फवारा हातभराहूनही कमी अंतरावरून मारतात. ट्रॅक्टर प्रेशर वॉशरने धूत असाल तर एकतर असा दिवा घ्या किंवा नळी दिव्यांपासून लांब ठेवा.

व्होल्टेजची मर्यादा 10 ते 30 किंवा 9 ते 32 अशी रुंद लिहिलेली असावी. बारा व्होल्टच्या ट्रॅक्टरला तीस कशाला, असं विचारतात. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल सैल होऊन निसटलं तर अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर ऐंशी-शंभरपर्यंत उसळू शकतो. चांगल्या ड्रायव्हरमध्ये त्याला तोंड द्यायची सोय असते, हलक्या दिव्यात नसते. त्यामुळे नवे एलईडी लावण्याआधी बॅटरीची टर्मिनल घासून घट्ट करा, आणि औजाराला किंवा ट्रॅक्टरला वेल्डिंग करायचं असेल तेव्हा आधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडवा.

हलक्या ड्रायव्हरचा आणखी एक त्रास: तो रेडिओत खरखर आणतो, आणि जीपीएसवर चालणारं मार्गदर्शक यंत्र असेल तर त्याचा सिग्नलही बिघडवू शकतो. दिवा लावल्यावर एफएम खरखरलं की समजा. ज्या दिव्यावर सीआयएसपीआर 25 या मानकाचा उल्लेख आहे तो या बाबतीत तपासलेला असतो. अँटेनापासून दिव्याची वायर लांब ठेवणं हेही पथ्य. आणि मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरून बघा. पडद्यावर जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा सूक्ष्मपणे लुकलुकतो आहे. पीटीओ शाफ्ट (औजाराला फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा) 540 आरपीएमवर सेकंदाला बरोबर नऊ फेरे घेतो. लुकलुक आणि फेरे यांचा मेळ बसला तर फिरता शाफ्ट हळू फिरतोय असा भास होऊ शकतो. फिरत्या शाफ्टजवळ असा भास जिवावर बेतेल. पट्टे दिसणारा दिवा मी मागे लावत नाही.

आता जागेबद्दल, आणि इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण बहुतेकांचे पैसे इथे वाया जातात. सगळ्यांना दिवे छतावर हवे असतात. उंचावरून उजेड दूर जातो हे खरंच. पण कोरड्या मातीत रोटाव्हेटर चालवताना धूळ उडते, आणि दिवा तुमच्या डोळ्यांच्या रेषेत, डोक्याच्या थोडा वर असेल तर धुळीच्या प्रत्येक कणावरून उजेड सरळ तुमच्याकडेच परततो. मागे वळून पाहिलं की औजाराऐवजी पांढरी भिंत दिसते. धुक्यात हेडलाइटचा वरचा बीम लावल्यावर हेच होतं. मी एकदा एका ट्रॅक्टरच्या छतावर मागे दोन जबरदस्त दिवे बसवून दिले होते. तिसऱ्या रात्री चालक आला आणि म्हणाला, काढा हे, मला जुनेच बरे होते. ते दिवे मी मडगार्डवर, बाहेरच्या कडेला, सीटच्या उंचीला उतरवले. दिवे तेच, वायर तीच, आणि त्याला फाळ-पाती स्वच्छ दिसायला लागली.

खाली आणि बाजूला उतरवण्याचा दुसरा फायदा सावलीचा. माती सगळी एकाच रंगाची असते. सरी किती खोल पडली, ढेकूळ किती मोठं आहे, हे डोळ्याला सावलीवरून कळतं. डोक्याजवळून टाकलेला उजेड सावल्या औजारामागेच लपवतो आणि शेत सपाट, चपटं दिसतं. दोन्ही बाजूंनी तिरपा, एकमेकांना छेदून जाणारा उजेड टाकला की खोली उठून दिसते. पेरणी करणाऱ्याला हे फार लागतं. म्हणून माझा आग्रह: मडगार्डच्या दोन बाहेरच्या कडांवर एकेक वीस वॅटचा फ्लड, डावा दिवा औजाराच्या मध्यापासून उजवीकडे आणि उजवा मध्यापासून डावीकडे, साधारण औजाराच्या मधोमध किरण छेदतील असे.

तिसरा दिवा लावायचाच असेल तर तो बार नको. दहा वॅटचा लहानसा दिवा सीटमागे खाली, टॉप लिंकच्या (औजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) वर लावा, वेगळ्या स्विचवर. अंधारात औजार जोडताना खालच्या लिंकची पिन आणि पीटीओ शाफ्टचं टोक शोधायला जो उजेड लागतो तो वरचे दिवे देत नाहीत, कारण सीट आणि लिंकेजचीच सावली नेमकी तिथे पडते. या एका छोट्या दिव्याबद्दल मला लोकांनी जितके आभार मानले तितके मोठ्या दिव्यांबद्दल कधी मानले नाहीत.

छताच्या पुढच्या कडेला लांब बार लावला तर आणखी एक अडचण: त्याचा उजेड बोनेटवर पडून चकाकतो आणि डोळ्याची बाहुली लहान होते. पुढे जास्त उजेड हवा असेल तर दोन दिवे बोनेटच्या पुढच्या टोकाजवळ, ग्रिलच्या बाजूला लावा. मात्र रेडिएटरसमोर दिवा आणू नका, हवा अडते.

दिवे बसवायला रोल बार समोर दिसतो आणि हात ड्रिलकडे जातो. त्याला भोक पाडू नका, वेल्डिंगही करू नका. ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवण्यासाठी तो तपासून प्रमाणित केलेला असतो. भोक पाडलं की ते प्रमाणपत्र संपलं, आणि लोखंड नेमकं तिथून वाकू किंवा फाटू शकतं. नळीभोवती आवळायचे क्लॅम्प मिळतात, आतून रबर असलेले घ्या. रोल बार दुमडणारा असेल तर बिजागरीपाशी वायरीला सैल वळसा ठेवा आणि तो पूर्ण दुमडून, पूर्ण उभा करून दोन्ही वेळा बघा.

वायरिंगला बसण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी जोडा. पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात आणि पाना चासीला टेकला तर पान्यातून सगळा करंट जातो. तसे भाजलेले हात मी पाहिले आहेत.

वायर किती जाड? एक उदाहरण करून बघू. बॅटरीपासून मागच्या दिव्यांपर्यंत चार मीटर, परतीचे चार, मिळून आठ मीटर तांबं. एक एमएमच्या (म्हणजे एक चौरस मिलिमीटर छेदाच्या) वायरीतून दोन हॅलोजनचे नऊ-सव्वानऊ अँपियर नेले तर सव्वा व्होल्टच्या आसपास वायरीतच जातो. अडीच एमएम घेतली तर अर्धा व्होल्ट. आता त्याच एक एमएमच्या वायरीतून दोन एलईडींचे 3.4 अँपियर नेले तरी तोटा अर्ध्या व्होल्टच्या आतच, आणि चांगला ड्रायव्हर तेवढ्याने उजेड कमी होऊ देत नाही. तरी मी दीड एमएमची वापरतो. त्यामागे करंटपेक्षा मजबुतीचा विचार आहे. बारीक वायर हादऱ्यांनी जोडापाशी तुटते. वायर बारीक तारांची, लवचिक, वाहनासाठीचीच घ्या. घरच्या भिंतीतली एकसंध जाड तारेची वायर ट्रॅक्टरवर कधीही वापरू नका.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. एका ट्रॅक्टरवर कुणीतरी फ्यूज मागे दिव्याजवळ लावला होता आणि बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघडी, बिनसंरक्षणाची. ती सायलेन्सरच्या पट्टीला घासून आतलं तांबं उघडं पडलं, चासीला टेकलं आणि पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, वितळला. बाजूला डिझेलची नळी होती. आग लागली नाही हे नशीब. फ्यूज मात्र शाबूत होता. दोन एलईडीला साडेसात अँपियरचा, तपकिरी ब्लेड फ्यूज पुरेसा. दहाचा लाल चालेल. तो उडतो म्हणून तीसचा हिरवा टाकणं म्हणजे वायरीलाच फ्यूज बनवणं.

रिले (लहान स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारं साधन) लावायलाच हवा का? हॅलोजन ठेवणार असाल तर हो, नक्की. डॅशबोर्डच्या लहान स्विचमधून नऊ-दहा अँपियर रोज नेले की त्याचे कॉन्टॅक्ट जळतात, आणि हरवलेल्या व्होल्टेजचा बराच भाग तिथेच सापडतो. दोन-तीन एलईडींचा एकूण भार पाच अँपियरच्या आत असेल आणि मूळ स्विच चांगला असेल तर रिलेशिवाय भागतं. स्विच जुना असेल तर मात्र रिले लावून मोकळे व्हा. जोडणी सोपी आहे, आकडे रिलेच्या बुडावरच छापलेले असतात: 30 ला बॅटरीचा फ्यूजमधून आलेला पॉझिटिव्ह, 87 मधून दिव्यांना, 86 ला स्विचमधून येणारा पॉझिटिव्ह आणि 85 अर्थला. स्विचला येणारा करंट चावीनंतरचा घ्या, म्हणजे चावी काढली की दिवे आपोआप बंद. इंजिन बंद ठेवून चार हॅलोजन जळत राहिले तर पन्नास अँपियर-तासांची बॅटरी दीड तासाच्या आत निम्मी होते.

जोडांच्या बाबतीत मी हट्टी आहे. तारा पिळून वर टेप गुंडाळलेला जोड ट्रॅक्टरवर एक पावसाळाही टिकत नाही. सोल्डरही नको, सोल्डर तारांच्या आत चढतो, जिथे तो संपतो तिथे वायर कडक आणि मऊ यांच्या सीमेवर वाकत राहते आणि तुटते. योग्य मापाचं थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारं धातूचं टर्मिनल), चांगल्या क्रिम्पिंग पक्कडीने दाबलेलं, वर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह. दिव्यापाशी पाणी न शिरणारा, रबरी सील असलेला कनेक्टर लावा, म्हणजे दिवा बदलताना वायर कापावी लागत नाही. वायर लवचिक पाइपात घालून न्या, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, सायलेन्सर आणि हलणाऱ्या लिंकपासून दूर. दिव्यात शिरण्यापूर्वी वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. हॅलोजनला उलटसुलट चालतं, एलईडीला चालत नाही: लाल पॉझिटिव्ह, काळी निगेटिव्ह. काही फार जुन्या ट्रॅक्टरांना पॉझिटिव्ह अर्थ असतो. तुमचा छोटा ट्रॅक्टर तसा नसणार, पण बॅटरीची कोणती केबल चासीला गेली आहे ते एकदा डोळ्यांनी बघा.

मागे पांढरा उजेड टाकणारे वर्क लाइट लावून सार्वजनिक रस्त्यावर चालायला बहुतेक ठिकाणी मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. मागून येणाऱ्याला समोरून गाडी येतेय असं वाटतं आणि तुमचे लाल टेललाइट त्या झगमगाटात हरवतात. त्यामुळे वर्क लाइटचा स्विच हेडलाइटपासून पूर्ण वेगळा ठेवा आणि त्यात लाल इंडिकेटर असलेला घ्या, म्हणजे बांधावरून रस्त्याला लागताना नजर पडेल.

सगळं झाल्यावर दिवे लावून, इंजिन आयडलवर ठेवून पुन्हा तीच मोजणी करा. बॅटरीवर आणि दिव्यावर अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक नको. बॅटरीवरचा आकडा 13 च्या वर टिकला तर डायनॅमो समाधानी आहे. दहा मिनिटांनी फ्यूज होल्डर, रिले आणि प्रत्येक कनेक्टर हाताने चाचपा. कोमट चालेल, चटका बसला तर तो जोड पुन्हा करा.

किरणांची दिशा दिवसा ठरवू नका. औजार जोडून, ते कामाच्या खोलीला उतरवून, अंधारात सीटवर बसून ठरवा, कारण औजार उचलल्यावर आणि उतरवल्यावर सावल्या वेगळ्या पडतात. बोल्ट अर्धवट आवळून दुसऱ्या माणसाला दिवा हलवायला सांगा, तुम्ही सीटवरून ‘बस’ म्हणा. मग आवळा, स्प्रिंग वॉशरसकट. पहिल्या दोन-तीन रात्रींनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघा, हादऱ्यांनी ते थोडे सैल होतातच. आणि दिव्याच्या मागच्या धातूच्या पातळ पट्ट्यांमध्ये (फिनमध्ये) चिखल वाळू देऊ नका, एलईडीची सगळी उष्णता तिथूनच बाहेर पडते. काच पुसाल तेव्हा मागूनही एक ब्रश फिरवा.